उत्तर बरोबर, तरी मार्क गेले? गणिताची मांडणी वहीत कशी करायची

मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांचं गणित घेते, आणि दरवर्षी युनिट टेस्टचे पेपर मिळाले की कुणाची तरी आई फोन करतेच, की बाई उत्तर बरोबर आहे तरी तीनपैकी दीडच मार्क दिलाय, असं का. मी म्हणते पेपर घेऊन या, बघू. पेपर बघितला की बहुतेक वेळा चित्र एकच असतं, वर सूत्र लिहिलंय, मध्ये थोडी खोडाखोड, आणि खाली एकदम उत्तर, त्याला छान चौकट. मधलं सगळं पोराने डोक्यात केलंय किंवा प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलंय, आणि तपासणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसत नाही म्हणून तो मार्क देऊ शकत नाही, त्यात त्याची चूक नाही.

मग घरी गेल्यावर मुलाला काय सांगितलं जातं? "स्टेप्स खाऊ नको." हे वाक्य मीही खूप वर्षं म्हणत होते. पण त्याने काही फरक पडत नाही, कारण मुलाला वाटतंच नाही की त्याने काही खाल्लंय, त्याच्या डोक्यात ती स्टेप झालेली असते ना. आणि कुठली स्टेप लिहायची, कुठली नाही लिहिली तरी चालेल, हे त्याला कुणीच नीट सांगितलेलं नसतं. मग एक तर तो काहीच लिहीत नाही, नाहीतर घाबरून ७ + ५ = १२ सुद्धा वेगळ्या ओळीत लिहायला लागतो.

म्हणून हल्ली मी एकच कसोटी सांगते. एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना एकच बदल झाला पाहिजे, आणि त्या बदलाचं नाव तुला तोंडाने सांगता आलं पाहिजे. "कंस सोडवला." "दोन्ही बाजूंत १२ मिळवले." "क्षची किंमत समीकरण (१) मध्ये ठेवली." "अवयव पाडले." नाव सांगता येत नसेल, किंवा सांगताना "आणि मग, आणि मग" असं दोन-तीनदा म्हणावं लागत असेल, तर मधली ओळ राहिली आहे, ती लिही. बस. ह्याच्या पलीकडे जे आहे ते सगळं ह्यातूनच येतं, आता एकेक करून सांगते.

(इथे टाइप करताना मी क्ष आणि य वापरतेय, वहीत मुलांनी पुस्तकात जे अक्षर आहे तेच लिहावं.)

आधी एक साधं उदाहरण घेऊ.

३(क्ष − ४) = क्ष + ६

बरीच मुलं ह्याच्या खाली थेट २क्ष = १८ लिहितात आणि मग क्ष = ९. उत्तर बरोबर आहे. पण त्या एका उडीत कंस सोडवणं, क्ष एका बाजूला आणणं, आकडे दुसऱ्या बाजूला आणणं, अशी तीन कामं झालीत. नीट लिहिलं तर असं होईल:

३क्ष − १२ = क्ष + ६ (कंस सोडवून)
३क्ष − क्ष = ६ + १२
२क्ष = १८
क्ष = ९

चार ओळी, अर्धा मिनिट. आता हीच मांडणी चुकलेल्या मुलाच्या वहीत बघा. त्याने कंस सोडवताना ३ने फक्त क्षला गुणलं, ४ ला गुणायचं विसरला, म्हणजे ३क्ष − ४ = क्ष + ६, मग २क्ष = १०, मग क्ष = ५. ओळी लिहिलेल्या असल्या तर चूक कुठे आहे ते त्याला स्वतःला दहा सेकंदात सापडतं, पहिल्याच ओळीत. आणि तपासणाऱ्यालाही दिसतं की कंसाची चूक सोडली तर पुढचं सगळं ह्याला येतंय. पण नुसतं क्ष = ५ लिहिलेलं असेल तर? सगळंच चुकलं असं धरावं लागतं. मुलगा घरी येऊन म्हणतो मला समीकरणं जमतच नाहीत, जेव्हा खरं म्हणजे त्याला फक्त कंस नीट जमत नाहीये. मला ह्याचंच जास्त वाईट वाटतं, मार्कांपेक्षा. मांडणी नसली की मुलाला आपल्याला नक्की काय येत नाही हेच कळत नाही.

बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे सगळ्यांना पाठ असतं, पण का बदलतं ते पाठ नसतं. म्हणून सातवी-आठवीत तरी "दोन्ही बाजूंत १२ मिळवून" असं शब्दांत लिहायला लावा. नववी-दहावीत ते आपोआप गळून पडतं आणि तेव्हा पडलं तरी चालतं.

आता बरोबरचं चिन्ह. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि पाचवीपासून होतो. एक वही ३५ रुपयांची, ४ वह्या घेतल्या, दुकानदाराला २०० ची नोट दिली, किती परत येतील? मुलं लिहितात:

३५ × ४ = १४० − २०० = ६०

उत्तर ६० बरोबर आहे, म्हणून घरी कुणी काही बोलत नाही. पण ही ओळ वाचून बघा. पस्तीस चोक एकशे चाळीस इथपर्यंत ठीक, पण ३५ × ४ म्हणजे १४० − २०० कसं काय? आणि १४० − २०० हे ६० तर नाहीच, ते उणे ६० आहे. मुलाच्या डोक्यात बरोबरच्या चिन्हाचा अर्थ "आणि आता उत्तर येणार" एवढाच आहे, कॅल्क्युलेटरवर ते बटण दाबल्यासारखा. पुढे समीकरणं सुरू झाली की हाच अर्थ आड येतो, कारण तिथे डावी आणि उजवी बाजू खरंच सारखी असते हे धरूनच सगळं चालतं.

हे चिन्ह पहिल्यांदा छापील पुस्तकात वापरलं ते रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या माणसाने, १५५७ साली. दर वेळी "च्या बरोबर आहे" असे शब्द लिहायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्याने एकसारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्याच्या मते त्यांच्याइतक्या समान अशा दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. मी ही गोष्ट मुलांना सांगतेच. दोन रेघा सारख्या आहेत म्हणजे दोन बाजू सारख्या आहेत, हे त्यांच्या मग लक्षात राहतं.

तर ते वह्यांचं उदाहरण असं लिहायचं:

४ वह्यांची किंमत = ३५ × ४ = १४० रुपये
परत मिळालेली रक्कम = २०० − १४० = ६० रुपये

बघा, फरक काय झाला? प्रत्येक ओळीच्या डावीकडे आपण काय काढतोय त्याचं नाव आलं. ही सवय एकदा लागली ना की अर्ध्या चुका जातात, कारण "परत मिळालेली रक्कम =" लिहिल्यावर कुठलंही मूल १४० − २०० लिहीत नाही, हात आपोआप थांबतो.

आणखी एक गोष्ट, बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली पाहिजेत. समीकरण सोडवताना एका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह, आणि पुढची ओळ त्याच्या बरोबर खाली. आडवं लिहीत गेलं की पान वाचतं पण डोळा चुकतो. वही संपते म्हणून मुलं (आणि पालकही!) जागा वाचवतात, मी म्हणते गणिताच्या वहीत जागा वाचवू नका, एका पानावर दोन उदाहरणं झाली तरी खूप झाली.

शाब्दिक उदाहरणं हा वेगळाच विषय आहे. तिथे मार्क जातात ते पहिल्याच ओळीत, "समजा" च्या ओळीत. हे उदाहरण घ्या: शाळेच्या गॅदरिंगला मोठ्यांचं तिकीट ५० रुपये, लहान मुलांचं ३० रुपये, एकूण ६० तिकिटं विकली आणि २४६० रुपये जमले, तर कुठली किती विकली? मुलं लिहितात "मोठे = क्ष, लहान = य". मोठे काय? मोठ्या माणसांची संख्या, तिकिटाची किंमत, का जमलेले पैसे? क्ष ही कायम एक संख्या असते, तर कशाची संख्या ते लिहा.

समजा, मोठ्यांची विकलेली तिकिटं क्ष आणि लहान मुलांची विकलेली तिकिटं य.
पहिल्या अटीनुसार, क्ष + य = ६० ...(१)
दुसऱ्या अटीनुसार, ५०क्ष + ३०य = २४६० ...(२)
समीकरण (१) ला ३० ने गुणून, ३०क्ष + ३०य = १८०० ...(३)
समीकरण (२) मधून (३) वजा करून, २०क्ष = ६६०
∴ क्ष = ३३
क्ष = ३३ ही किंमत समीकरण (१) मध्ये ठेवून, ३३ + य = ६०
∴ य = २७
∴ मोठ्यांची ३३ आणि लहान मुलांची २७ तिकिटं विकली.

समीकरणांना नंबर द्यायचे ते शोभेला नाही, खाली "(२) मधून (३)" असं म्हणता यावं म्हणून. नंबर दिला आणि पुढे कुठेच वापरला नाही तर काही उपयोग नाही, आणि नंबर न देता नुसतं "वजा करून" लिहिलं तर कशातून काय वजा केलं ते शोधत बसावं लागतं. आणि शेवटची ओळ वाक्यात. प्रश्न तिकिटांचा होता, क्षचा नव्हता, म्हणून क्ष = ३३, य = २७ लिहून पेन खाली ठेवायचं नाही. ताळा बाजूला पटकन करून बघायचा, ३३ × ५० म्हणजे १६५०, २७ × ३० म्हणजे ८१०, बेरीज २४६०, जमलं. आणि ताळा मूळ प्रश्नातल्या वाक्यावर करा, आपण बनवलेल्या समीकरणावर नको, कारण समीकरणच चुकीचं बनवलं असेल तर त्यात ताळा जुळणारच, त्याने काहीच कळत नाही.

वर्गसमीकरणात दोन उत्तरं येतात तिथे "किंवा" लिहायचं, "आणि" नाही. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ सेमीने जास्त, क्षेत्रफळ ८४ चौसेमी, तर रुंदी क्ष धरून क्ष² + ५क्ष − ८४ = ०, अवयव (क्ष + १२)(क्ष − ७) = ०, म्हणून क्ष + १२ = ० किंवा क्ष − ७ = ०, म्हणजे क्ष = −१२ किंवा क्ष = ७. इथे मुलं −१२ वर गुपचूप काट मारतात आणि ७ ला चौकट करतात. असं नको, "परंतु रुंदी ऋण नसते, म्हणून क्ष = ७" ही ओळ लिहाच, कारण विचार तिथेच केलाय आणि तोच दाखवायचा आहे. आणि क्ष² = ५क्ष आलं की दोन्हीकडचा एक-एक क्ष उडवून क्ष = ५ लिहिणारी मुलं दर बॅचला असतातच. त्यांना म्हणावं, ह्या बदलाचं नाव सांग. "दोन्ही बाजूंना क्षने भागलं." क्ष शून्य असेल तर भागता येईल का? मग ते गप्प होतात. क्ष² − ५क्ष = ०, क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ५, हरवलेलं उत्तर परत येतं.

भूमितीत तर कारण लिहिणं हीच मांडणी आहे. बीजगणितात कारण कंसात नाही लिहिलं तरी ओळ स्वतःच बोलते, भूमितीत बोलत नाही. "कोन ए = कोन बी" हे वाक्य कारणाशिवाय नुसता दावा आहे, आणि आकृतीत तसं दिसतंय हे कारण होत नाही. स्पर्शिकाखंडाचं प्रमेय घेऊ, वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. आधी आकृती. दहावीच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर सूचनेतच असतं की प्रमेयाच्या सिद्धतेसाठी आकृती आवश्यक आहे, तरी मुलं ती शेवटी वेळ उरला तर काढतात. आकृती, मग पक्ष, मग साध्य, मग रचना, मग सिद्धता, ह्याच क्रमाने.

पक्ष: ओ केंद्र असलेल्या वर्तुळाला बाहेरच्या पी बिंदूतून पीए आणि पीबी हे स्पर्शिकाखंड काढले आहेत.
साध्य: रेख पीए ≅ रेख पीबी
रचना: त्रिज्या ओए, त्रिज्या ओबी आणि रेख ओपी काढले.
सिद्धता: त्रिकोण पीएओ आणि त्रिकोण पीबीओ मध्ये,
कोन पीएओ = कोन पीबीओ = ९०° ...(स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय)
बाजू ओए ≅ बाजू ओबी ...(एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
कर्ण ओपी ≅ कर्ण ओपी ...(सामाईक बाजू)
∴ त्रिकोण पीएओ ≅ त्रिकोण पीबीओ ...(कर्णभुजा कसोटी)
∴ रेख पीए ≅ रेख पीबी ...(एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

पानाच्या मधोमध एक पुसट उभी रेघ मारा, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. मग उजवीकडची रिकामी जागा स्वतःच ओरडते की इथे कारण राहिलंय. मी मुलांना एक खेळ देते, डावी बाजू कागदाने झाकायची आणि फक्त कारणं वाचून प्रमेय कुठलं ते ओळखायचं. दोन-तीन आठवड्यांत त्यांना कळतं की प्रमेयाचा सांगाडा कारणांचा असतो, आणि मग पाठ करायला कमी लागतं.

दोन त्रिकोणांची नावं लिहिताना अक्षरांचा क्रम बघा. वर त्रिकोण पीएओ आणि पीबीओ लिहिलंय कारण पीच्या जागी पी, एच्या जागी बी, ओच्या जागी ओ येतं. कुणी पीएओ ≅ ओबीपी लिहिलं तर ते चूक आहे, जरी त्रिकोण तेच असले तरी. समरूपतेच्या उदाहरणात तर हा क्रमच संगत बाजू सांगतो, क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात. रचनेच्या उदाहरणात कंपासचे कंस पुसायचे नाहीत, रचनेच्या खुणा स्पष्ट ठेवा, पुसू नका, हेही प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेत असतं. सुंदर दिसावं म्हणून रबर फिरवणाऱ्या मुली माझ्याकडे दरवर्षी असतात, त्यांना सांगावं लागतं की ते कंस म्हणजेच तुमच्या स्टेप्स आहेत.

महत्त्वमापन आणि त्रिकोणमितीत दोनच गोष्टी सांगते. एकक आधी सारखं करा आणि केलंय ते लिहा. व्यास २८ सेमी दिलाय तर "त्रिज्या = २८ ÷ २ = १४ सेमी" ही वेगळी ओळ, सूत्रात थेट १४ नको. मग सूत्र, मग किमती ठेवून, मग आकडेमोड. १४ सेमी त्रिज्या आणि २० सेमी उंचीच्या डब्याचं घनफळ २२/७ × १४ × १४ × २० = १२३२० घसेमी, आणि प्रश्नात लीटर विचारलं असेल तर १ लीटर = १००० घसेमी लिहून १२.३२ लीटर. दुसरी गोष्ट, √३ च्या जागी १.७३ लगेच ठेवू नका. झाडाची सावली ३० मीटर, सूर्याचा उन्नत कोन ३०°, तर उंची ३०/√३ येते. इथेच १.७३ ठेवलं की ३० ला १.७३ ने भागत बसा, आणि बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही. त्याऐवजी वर-खाली √३ ने गुणलं की ३०√३/३, म्हणजे १०√३, आणि आता १.७३ ठेवा, १७.३ मीटर. एक ओळ जास्त लिहिली आणि पाच मिनिटांचा भागाकार वाचला.

संभाव्यतेत नमुना अवकाश (म्हणजे शक्य असलेले सगळे निकाल) आणि घटना (त्यातले आपल्याला हवे ते) दोन्ही लिहून काढा. दोन फाशांवरच्या अंकांची बेरीज ९ येण्याची घटना (३,६), (४,५), (५,४), (६,३) अशी पूर्ण लिहिली की चार आहेत हे दिसतं, डोक्यात केली की दोन येतात.

लिहिण्याच्या बारीक सवयी पण असतात, त्या लहान वाटतात पण चुका तिथूनच घुसतात. अपूर्णांकाची रेघ आडवी मारा, तिरकी नको, कारण १/२क्ष लिहिलं की क्ष वर आहे का खाली हे लिहिणाऱ्यालाही दोन ओळींनी आठवत नाही. वर्गमूळाचं छप्पर जिथपर्यंत लागू आहे तिथपर्यंतच ओढा. ऋण संख्या सूत्रात ठेवताना कंस कराच, ब² मध्ये ब = −५ ठेवताना (−५)² लिहा, नुसतं −५² लिहिलं की पुढच्या ओळीत −२५ येणार म्हणजे येणारच, आणि विवेचक (ब² − ४अक) चुकला की पूर्ण उदाहरण गेलं. हातचा लिहायचा तर लहान अक्षरात आणि ठरलेल्या जागी. लहान मुलांना चौकटीची वही द्या, एका चौकटीत एक अंक, बाकी काही शिकवावं लागत नाही.

रफ काम वेगळ्या कागदावर करायचं नाही. हे मी फार आग्रहाने सांगते. त्याच पानावर उजवीकडे दोन बोटं जागा सोडायची, वर "कच्चे काम" लिहायचं आणि गुणाकार-भागाकार तिथे, उदाहरणाच्या शेजारीच. वेगळ्या कागदावरून उतरवताना ६ चा ० होतो, ७ चा १ होतो, आणि मग अर्धा तास शोधत बसायचं.

आता किती लिहायचं? आपल्या महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा पेपर बघा, गणित भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० मार्क आणि २ तास, म्हणजे एका मार्काला ३ मिनिटं. दोन मार्कांच्या उदाहरणाला सहा मिनिटांच्या वर वेळच नाही, तिथे चार-पाच ओळी पुरे. चार मार्कांच्या प्रश्नात पानभर आलं तर हरकत नाही. मार्क स्टेपला अर्धा-अर्धा वाटलेले असतात, त्यामुळे तीन मार्कांच्या उदाहरणात दोनच ओळी असतील तर काहीतरी नक्की राहिलंय. पहिल्या प्रश्नातल्या बहुपर्यायी उपप्रश्नांना मात्र स्टेप्स लागत नाहीत, तिथे उपप्रश्नाचा नंबर आणि बरोबर पर्याय, आणि पहिलं लिहिलेलंच उत्तर धरतात हे लक्षात ठेवा. कृतीच्या प्रश्नात चौकटी भरायच्या असतात, त्या नीट वाचा, कारण छापलेली कृती म्हणजे बोर्डाने स्वतः दाखवलेली मांडणी आहे. मी सरावाला हेच वापरते, पुस्तकातली भरलेली कृती घ्यायची, पुस्तक मिटायचं आणि तीच कृती आकडे बदलून कोऱ्या कागदावर पूर्ण लिहायची.

हल्ली आठवीपासूनच एंट्रन्सची तयारी म्हणून फक्त पर्याय निवडायचा सराव सुरू होतो, आणि अशी मुलं खूप हुशार असतात, वेगाने करतात, पण दहावीला त्यांचा हात लिहायला वळतच नाही. त्यांना "हळू कर" सांगून उपयोग नाही, त्यांना कंटाळा येतो. अशा मुलाला मी दुसऱ्या मुलाची वही तपासायला देते. दोन पानं तपासली की तो स्वतःच म्हणतो, बाई ह्याने हे कुठून आणलं कळतच नाहीये. मग मी त्याची स्वतःची मागच्या आठवड्याची वही पुढे ठेवते आणि विचारते, आता हे कुठून आणलं सांग.

घरी आई-बाबांनी काय करायचं, तुम्हाला गणित येत नसलं तरी? रोज एक सोडवलेलं उदाहरण मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, ओळ ओळ, आणि प्रत्येक ओळीनंतर एवढंच विचारा, "हे कुठून आलं?" तुम्हाला उत्तर तपासायची गरज नाही. तो अडखळला की त्या जागी पेन्सिलीने टिंब करा आणि ती ओळ त्याला भरू द्या. एक उदाहरण, पाच मिनिटं, पण रोज. आणि शक्यतो काल सोडवलेलं घ्या, आजचं नको, कारण आजचं त्याला आठवत असतं, काल लिहिलेलं मात्र वहीवरूनच समजावं लागतं.

आणि पेपरात चुकलं तर? खरवडायचं नाही, गिरवायचं नाही, व्हाइटनर तर नकोच. चुकलेल्या ओळीवर एकच आडवी रेघ मारायची आणि खाली नव्याने लिहायचं. पूर्ण उदाहरण चुकलं असेल आणि जागा संपली असेल तर त्यावर एक तिरकी रेघ, शेजारी "उत्तर पान ९ वर" असं लिहा, आणि पान ९ वर प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न क्रमांक पुन्हा टाका. दुसरं उत्तर पूर्ण होईपर्यंत पहिल्यावर रेघ मारू नका मात्र, वेळ संपली तर निदान त्यातल्या बरोबर स्टेप्सचे मार्क तरी मिळतील.